एवढे दोन डोळे झाले की उठते

पाणी आधी प्या ताई, मंग लिवा. अर्धा पेला ठेवून चालायचं नाय माझ्या घरात, पुरा प्या, मी बघत बसते. मला कुणी पाणी प्यायलेलं बघायला बरं वाटतं, का ते पुढं सांगते, आधी कुठून सुरू करू ते सांगा. जन्मापासून? जन्म म्हणजे खांब. हायवेवर कोलाडच्या अलीकडं खांब नाय का, तिथून आत आमची वाडी. बाप रोह्याला एका कंपनीत शिफ्टला जायचा नि आल्यावर भातशेती बघायचा, आई शेती बघायची, घर बघायची नि बापालापण बघायची. आमी दोघंच भावंडं, मी वनिता नि माझ्यामागचा भाऊ. वाडीच्या अंगालाच कालवा, धरणाचं पाणी सोडलेलं, उन्हाळ्यातपण वाहतं, त्यामुळं आमाला पाण्याची किंमत नव्हती, खेळता खेळता वाकायचं नि ओंजळीनं प्यायचं, घरी जायचं नायच पाण्याला. आई बोलायची, ही पोरगी माणसाची नाय, बेडकाची हाय. आता हे आठवलं ना की हसू येत नाय मला. आधी यायचं.

धरून ठेवायची सवय मात्र शाळेतली, ती काय सासरी लागलेली नाय, खोटं कशाला बोलू. शाळेत पोरांना मुतारी होती, म्हणजे एक भिंत होती, पोरींना भिंतपण नव्हती. मास्तरांसमोर करंगळी वर करायची लाज वाटायची, आणि केली तरी जायचं कुठं, पोरं वरनं दगड मारायची. मंग आमी सकाळी घरनं निघताना जाऊन यायचो ते घरी आल्यावर. दुपारी पोटात असं ताठून यायचं की पाय एकावर एक टाकून बसायचं नि पाढे बोलायचे. सगळ्या पोरी तशाच बसायच्या. आमाला वाटायचं बाईमाणसाचं शरीर असंच असतं, त्याला थांब बोललं की थांबतं.

एकोणिसाव्या वर्षी इथं हमरापूरला दिली मला. गणपतीवाल्यांचं घर. आमच्याकडं ज्या शेडमध्ये गणपती करतात तिला कारखाना बोलतात, यंत्र नसलं तरी कारखानाच. लग्नानंतर पहिल्यांदा कारखान्यात पाऊल टाकलं तवा काय सांगू तुमाला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गणपतीच गणपती, फळ्यांवर, जमिनीवर, माळ्यावर, आणि एकालापण डोळे नायत. सोंड हाय, कान हायेत, पितांबर रंगवलेलं हाय, आणि डोळ्यांच्या जागी नुसता कोरा पांढरा. मी तशीच मागं फिरले. सासू पाठीमागंच होती, ती बोलली, घाबरतेस काय गो, अजून ते बघत नायत तुला, मी डोळे काढल्यावर बघतील.

सासू आखणी करायची. आखणी म्हणजे डोळे काढायचं काम, सगळा गणपती झाला, रंग झाला, दागिन्यांची सोनेरी झाली की सगळ्यात शेवटी आखणी. ती कुणालापण जमत नाय. मूर्ती ओतायला दहा माणसं मिळतील, रंगाला पंधरा मिळतील, आखणीवाला घरात एखादाच. माती कितीपण चांगली असू दे, डोळा चुकला तर गणपती रागावलेला दिसतो, नायतर झोपलेला दिसतो, गिऱ्हाईक नेत नाय. सासूनं मला वर्षभर नुसती पाटीवर बुबुळं काढायला लावली. उजवा डोळा काढला की डावा लगेच काढायचा, मधे श्वास सोडायचा नाय, मधे बोलायचं नाय, नायतर दोघांची नजर एका जागी जात नाय. माजा हात बसला. सासू कौतुक करणारी बाई नव्हती, पण एकदा माजा गणपती हातात घेऊन उन्हाकडं धरला नि बोलली, हा बघतोय. बास, एवढंच बोलली. मी आठवडाभर हवेत होते.

आता आमच्या घराचा नेम सांगते, कारण सगळं तिथंच हाय. आखणीला बसायचं ते आंघोळ करून, धुतलेलं नेसून. देवाला नजर द्यायची म्हणजे हे सोवळ्याचं काम. आणि मधे लघवीला जाऊन आलं तर परत डोक्यावरनं आंघोळ, परत दुसरं लुगडं, मंगच कुंचल्याला हात. दुसऱ्यांच्या कारखान्यात असं होतं का नव्हतं मला ठाऊक नाय, आमच्यात होतं, सासूच्या सासूपासून होतं. आता तुमीच विचार करा. उन्हाळ्यात इकडं खारेपाटात, खाडीकाठच्या ह्या खाऱ्या पट्ट्यात, पाण्याची बोंब, टँकर आला तर आला, दोन हंड्यांवर घर चालवायचं, तिथं दिवसातनं तीन तीन आंघोळी कुठल्या? संडास मागं, दोन घरांत मिळून एक. मंग सासूनंच मला शहाणपण शिकवलं, सकाळी चहापण अर्धा कप घे, पाणी पिऊच नको, तहान लागली की गुळणी करून थुंकून टाक. पाण्यात वाढलेली मी, कालव्याच्या काठची, मी गुळणी करून थुंकायला शिकले. पहिले आठ दिवस जड गेले. मंग तहानपण लागायची बंद झाली, खरं सांगते, शरीर किती लाचार असतं, सांगाल तसं ऐकतं, हिशोब मागं ठेवून देतं.

दुसऱ्या सीझनला पहिल्यांदा आग झाली. आषाढात कामाची नुसती धांदल असते, श्रावण लागायच्या आत माल टेंपोत चढायला लागतो, त्या दिवसांत. लघवीला बसले नि डोळ्यांपुढं काजवे, सुरीनं कापल्यासारखं, नि थेंब थेंब, नि उठले की परत लागल्यासारखं. मी रडत सासूकडं गेले. ती बोलली, उन्हाळी लागली गो, त्यात रडायचं काय, आमाला सगळ्यांना लागते. तिनं पानाच्या डब्यातला चुना काढला नि माझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांच्या नखांना लावला, चुना उष्णता ओढून घेतो बोलली. आणि धने-जिऱ्याचं पाणी दिलं वाटीभर. वाटीभरच, कारण जास्त प्यायले तर उठायला लागंल ना.

बरं वाटलं दोन-तीन दिवसांनी. चुन्यानं वाटलं का आपोआप वाटलं, देव जाणे, पण आमी चुन्याला मान दिला. मंग दर सीझनला चुना. आमच्या कारखान्यात रंगकामाला येणाऱ्या चार-पाच बाया, कुणाच्या ना कुणाच्या अंगठ्याला पांढरं असायचंच, आमी एकमेकींना बघून हसायचो, तुजा लागला काय गो नंबर. चेष्टेचा विषय होता तो. दुखणं मानतच नव्हतो आमी त्याला. आता त्या हसण्याचा मला राग येतो. कुणाचा राग करायचा पण, हसणाऱ्या आमीच.

मंग महेश झाला, माजा मुलगा, त्याच्यानंतर जास्त व्हायला लागलं. सीझन नसला तरी व्हायचं. लघवी गढूळ, वास मारायचा, कंबरेत मागं एका अंगाला कळ. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते लाजले, बोलले आईला विचार. आईला विचारलं तर चुना. मंग पेणला मेडिकलवाल्याकडनं एक पुडी आणायची, पाण्यात टाकून प्यायची, आणि गोळ्या. गोळ्या पाच दिवसांच्या दिलेल्या असायच्या. दोन दिवसांत आग थांबली की उरलेल्या मी कुंचल्यांच्या डब्यात ठेवून द्यायची, पुढच्या वेळेला व्हतील म्हणून. काटकसर माझी! पुढच्या वेळेला त्याच घ्यायची. मंग त्या लागूच होईनात. मंग दुसऱ्या आणायच्या, त्यापण दोन दिवस. कुणीतरी ओरडायला हवं होतं माझ्यावर.

डॉक्टरकडं गेले नाय असं नाय, गेले. पेणला. बाप्या माणूस, समोर आमचे हे बसलेले, कंपाउंडर दारात उभा, बाहेर बाकड्यावर गावची ओळखीची माणसं. डॉक्टर बोलला, काय होतंय ताई? मी बोलले, कंबर दुखते. खोटं नव्हतं, दुखत होतीच. तो बोलला, काम काय करता, बोलले दिवसभर बसून आखणी, तो बोलला मंग दुखणारच. त्यानं दुखायच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या मी किती वर्षं खाल्ल्या असतील, विचारू नका. दुखलं की गोळी, गोळी खाल्ली की बसायचं. नंतर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बोलल्या की त्या गोळ्यांनीपण किडनी खाल्ली. त्या डॉक्टरचा मी काय दोष काढू, त्याला मी कंबर सांगितली, त्यानं कंबर बघितली. मी जे बोलायला लाजले ते दोन शब्द होते, लघवीला जळतं. एवढे दोन शब्द. आज कुणापण परक्या माणसासमोर मी ते बोलते, तुमच्यासमोर बोलते, टेंपोवाल्यासमोर बोलेन. आता लाज कुठं गेली बघा, वेळ गेल्यावर गेली.

एकदा नाय का, वाचायची संधी आलेली. गावात शाळेत तपासणी ठेवलेली, एक तरुण डॉक्टरीण आलेली, पोरसवदा, केस कापलेले. तिनं मला बाजूला घेतलं नि सरळ विचारलं, मावशी, पाणी किती पिता? मी हसले. बोलले, आमी आखणीवाल्या, आमी पाणी पीत नाय. ती हसली नाय. तिनं हात लावून कंबरेत मागं जरा दाबलं, मी ओरडले. ती बोलली, हे खाली होतं ते वर चढतंय, वर किडनी हाय, लघवी तपासा, पोटाची सोनोग्राफी करा, आणि औषध पुरं घ्या, अर्धं सोडलं तर जंतू अजून हट्टी होतात, आणि ह्यात थंडी वाजून ताप आला तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कागदावर लिवून दिलं. मराठीत लिवलं, मला वाचता यावं म्हणून. किती चांगली पोरगी. मी कागद घडी करून कुंचल्यांच्या डब्यात ठेवला. बोलले, गणपती होऊ देत, मंग जाते. गणपती झाले. मंग नवरात्र, मंग दिवाळी, मंग नवीन सीझनची माती आली. तो कागद हाय अजून. रंग लागून सगळा लाल झाला, पण त्यातलं एक अजून वाचता येतं, थांबू नका.

सासू गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आता ऐका, हे मी कुणाला बोलत नाय पण तुमी लिवा. सासू गेल्यावर घरात मोठी मी. नेम मोडायचा तर मीच मोडायचा होता, कोण बोलणार होतं मला? हे बोलले असते का? हे तर कधी कुणाला बोललेच नायत. मी मोडला नाय. उलट जास्त कडक केला. कारण तोपर्यंत माजं नाव झालेलं, मुंबईचे, पुण्याचे व्यापारी यायचे, ते बोलायचे वहिनींच्या हातचे डोळे पायजेत, दुसऱ्याचे नकोत. आमच्या गणपतीसमोर उभं राहिलं की तो तुमच्याकडंच बघतो, डावीकडं सरका नायतर उजवीकडं. मला वाटायचं हे सगळं त्या नेमामुळं. तहान मारून बसते म्हणून देव माझ्या हातात येतो. गर्व होता तो, दुसरं काय. सासूवर ढकलून मला मोकळं व्हता येत नाय.

महेशचं लग्न झालं, रेश्मा आली सून म्हणून, पेणचीच, बारावी शिकलेली. हात चांगला. मी तिला पाटावर बसवलं नि पहिल्याच दिवशी काय शिकवलं सांगू, गुळणी करून थुंकायला. माझ्या ह्या तोंडानं शिकवलं.

मंग तो सीझन. मला चार दिवस आधीपासून कसंतरी होत होतं, लघवी लालसर, कंबर धरलेली, तोंडाला चव नाय. मंग एका दुपारी थंडी भरली. अशी थंडी की दात वाजायला लागले, दोन गोधड्या घेतल्या तरी हाडं हलायची. थोड्या वेळानं घाम फुटून उतरली, मी उठले नि परत पाटावर बसले. त्या दिवशी आंघोळ मात्र सोडली नाय, थंडीनं कापत डोक्यावरनं पाणी घेतलं, नेम हाय ना. रेश्मा बोलली, आई, आपण दवाखान्यात जाऊया, तुमचे डोळे लाल झालेत. मी तिच्यावर खेकसले. बोलले, फळीवर चाळीस गणपती आंधळे बसलेत, टेंपो उद्या येतोय, तू काढतेस सगळ्यांचे डोळे? एवढे दोन डोळे झाले की उठते, असं मी बोलले. तेवढं एक वाक्य मी जन्मभर बोलत आले, सासूला, नवऱ्याला, जेवायला हाक मारणाऱ्या पोराला, एवढे दोन डोळे झाले की उठते. दोन झाले की पुढचे दोन असतात हो. आखणीवालीला कधी शेवटचे दोन डोळे नसतात.

तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या. लघवी तर होईचना, मला वाटलं बरं झालं, उठायला नको. असा माजा विचार! आणि मंग एका गणपतीचा उजवा डोळा काढला नि डावा कुठं काढायचा तेच कळेना, चेहरा पाण्यात हलल्यासारखा हलायला लागला. मला आठवतं ते एवढंच. मी त्याच्यावरच पडले. रेश्मा सांगते, मी कुंचला सोडला नव्हता, मूठ उघडायला दोघं लागली.

पुढचं मला लोकांनी सांगितलेलं. पेणहून पनवेलला नेलं मोठ्या दवाखान्यात. मुतखडा अडकलेला, वर्षानुवर्षं पाणी नाय तर दुसरं काय होणार, त्याच्यामागं लघवी तुंबून किडनीत सगळा पू, तो पू रक्तात उतरलेला. नवऱ्याला सांगितलं, सही करा, बाई राहील याची खात्री नाय. किती दिवस मशीनवर होते मला ठाऊक नाय. राहिले. ती किडनी काढून टाकली, नुसती पुवाची पिशवी झालेली. मला वाटलं चला, दुसरी हाय ना, देवानं दोन दिल्यात. तर ती दुसरी आधीच आक्रसून सुपारी झालेली, तीपण ह्याच दुखण्यानं, ती कधी गेली तेच कळलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा त्रास किती दिवसांपासून? मी बोलले, लग्नापासून. त्यांनी लिहायचं थांबवलं. बोलल्या, मावशी, हा आजार पाच-सात दिवसांच्या गोळ्यांचा होता. ते वाक्य ऐकलं नि मी पहिल्यांदा रडले. मरणाला नाय रडले, त्या पाच-सात दिवसांना रडले.

आता आठवड्यातनं दोनदा डायलिसिस. पेणला नंबर लागला नाय, रोह्याला भावानं ओळखीनं लावला, तिथं जाते. हमरापूर स्टेशनवरनं सकाळची रोह्याची गाडी, पेण, कासू, नागोठणं, रोहा. ही माजी माहेरची गाडी हो. पोर कडेवर घेऊन, पिशवीत मोदकाचं पीठ घेऊन याच गाडीनं जायचे मी. आता भाऊ स्टेशनवर स्कूटर घेऊन उभा असतो, दवाखान्यात सोडतो, चार तास मशीनवर, परत गाडीत बसवतो. माहेर तिथनं केवढं, पण जायला होत नाय, मशीनवरनं उतरलं की अंगात उभं राहायचं त्राण नसतं. भावानं किडनी द्यायची तयारी दाखवलेली. त्याची बायको घाबरली, रडली, दोन लहान मुली हायेत तिला. मीच नको बोलले. मी तिचा राग करत नाय, मी तिच्या जागी असते तर मीपण रडले असते. ह्यांना साखर हाय, त्यांची चालत नाय. महेश देतो बोलला, त्याला मी माझ्या पायावर हात ठेवायला लावून शपथ घातली. बास, आता त्यात काय राहिलं नाय. डॉक्टर बोलतात चाललंय तेवढं चालू दे. आमी सगळे तेच बोलतो.

माझ्या बाजूच्या खाटेवर एक कोकणी मुसलमान होते, रोह्याजवळच्या अष्टमी गावचे, आमी त्यांना चाचाच बोलायचो. जन्म दुबईत काढला, घरी आले नि साखरेनं किडन्या गेल्या. गमत्या माणूस. मला बोलायचे, वैनी, तुम्ही गणपतीला डोळं दिलंत, त्याला सांगा की आमच्याकडं जरा बघायला. मी बोलायचे, चाचा, तो बघतोय, पण करत काय नाय. दोघं हसायचो, नर्स ओरडायची हात हलवू नका. मागच्या महिन्यात एका मंगळवारी गेले तर खाटेवर दुसरीच बाई. मी विचारलं नाय. तिथं कुणी विचारत नाय.

आणि पाणी. आता सांगते पाण्याचं. लघवी होतच नाय आता मला, मंग पाणी प्यायलं तर जाणार कुठं, पायांत उतरतं, छातीत भरतं, रात्री आडवं होता येत नाय. म्हणून दिवसाला दोन पेले, मोजून, त्यात चहा आला, आमटीतलं पाणी आलं, गोळ्या घ्यायचं पाणी आलं. आणि तहान! इतकी वर्षं जी मारली ती सगळी आता एकदम परत आलीय. तोंड असं सुकतं की जीभ टाळूला चिकटते. मी काय करते सांगू? गुळणी करते नि थुंकून टाकते. तेच शहाणपण. फरक एवढाच, तवा मी पीत नव्हते, आता मला पिता येत नाय. झोपले की कालवा दिसतो, मी वाकते, ओंजळ भरते, आणि तोंडाला लावायच्या आत जाग येते. दर वेळेला आतच येते.

हात बघा माजा, धरा, घाबरू नका, थरथरतोय ना. आखणी गेली. मागच्या वर्षी सगळे जेवायला गेलेले तवा गुपचूप एक बोटभर गणपती घेतला, बोलले बघूया. एक डोळा वर गेला, एक खाली. मी तो परत पांढरा करून ठेवला. माजं खरं मरण ते होतं ताई, दवाखान्यातलं नाय. दवाखान्यातनं मी ह्याच आशेवर परत आले की हात हाय ना.

आता कारखान्यात रेश्मा बसते पाटावर. घरी आल्यावर मी पहिलं काय केलं, सगळ्यांना समोर उभं केलं नि बोलले, आजपासून नेम मोडला. देवाला राग आला तर माझ्यावर येऊ दे, माझ्याकडनं नेण्यासारखं काय उरलंय? कारखान्याला लागून नवीन संडास बांधून घेतला, नळासकट. प्रत्येक बाईच्या पाटाजवळ बाटली ठेवली. त्या डॉक्टरीण पोरीचा लाल झालेला कागद फोटोसारखा भिंतीला लावला. बाया मान हलवतात, व्हय काकी, व्हय काकी. संध्याकाळी मी बाटल्या बघायला जाते. भरलेल्या असतात. एखादी अर्धी झालेली असते, ती कुंचले धुवायला वापरलेली असते, पाण्याचा रंग बघून कळतं मला. नेम मोडायला एक शब्द लागला, सवय कुठल्या शब्दानं मोडायची? आता त्यांना देव नाय अडवत, टेंपो अडवतो, फळीवरचे आंधळे अडवतात.

आणि परवाचं सांगते, मंग थांबते. परवा मी रोह्याहून आले, दारात चपला काढल्या, रेश्मा पाटावर बसलेली, पाय पुढं पसरलेले. माजी नजर तिच्या पायांवर गेली. अंगठ्याच्या नखावर पांढरं. दोन्ही अंगठ्यांवर. मी बोलले, रेश्मा, ते काय गो? ती बोलली, काय नाय आई, पांढरा रंग सांडला. मान वर न करता बोलली. मी तीस वर्षं पांढरा रंग बघतेय, तो नखावर चकाकतो, चुना चकाकत नाय, चुना सुकला की त्याला भेगा पडतात. मी खाली बसले, तिच्या नखावर बोट ओढलं, भुकटी माझ्या बोटाला आली. ह्या बोटाला. मी बोलले, कधीपासून? तिनं पाय आत ओढून घेतले. मी बोलले, ऊठ, आताच्या आता चल, मी येते तुझ्याबरोबर, मी बोलते डॉक्टरला, तू काय बोलू नको, मी सगळं बोलते. मी रडत होते, ओरडत होते, बाया कामं टाकून बघत होत्या. तिनं माझ्याकडं बघितलं, शांतपणे, प्रेमानं बघितलं हो, पोरगी वाईट नाय, आणि बोलली, आई, एवढे दोन डोळे झाले की उठते.

त्याला तीन दिवस झाले. ती बघा, तिथंच बसलीय. रोज सांगते, रोज तिचे दोन डोळे राहिलेले असतात. महेशला सांगितलं तर तो बोलतो गणपती होऊ देत. मी माझ्याकडंच बोट दाखवून त्याला बोलले, अरे ही बघ ना, ही मी समोर बसलेय ना तुमच्या. माणसं मला बघतात, बिचारी बोलतात, आणि परत पाटावर जाऊन बसतात. आज संध्याकाळी परत सांगेन. दुसरं काय येतं मला.

एवढंच लिवा. माझ्यासाठी काय मागू नका कुणाकडं, माजं झालं. सुखी राहा, पोराबाळांत राहा. आणि एक, सकाळी नऊला आलात तुमी, आता ऊन कलंडलं, मघापासून पायावर पाय टाकून बसलाय, मला काय कळत नाय होय? संडास तिकडं हाय, कारखान्याच्या अंगाला, नळ हाय, आत साबण हाय. वही ठेवा खाली. हे वाक्य पुरं करते नि उठते, असं बोलू नका माझ्यासमोर. उठा. जाऊन या.